गोविंदराव टेंबे, त्यांची पेटी आणि तुमच्या सिंथमधली लाट

सॉफ्टवेअर सिंथेसायझरमध्ये तयार आवाज शेकड्यांनी मिळतात. पियानो, गिटार, स्ट्रिंग्ज, सगळं एका टॅपवर. पण आपल्या भजनात वाजते ती बाजाची पेटी शोधायला जा, बहुतेक वेळा काहीतरी चर्चच्या ऑर्गनसारखं हाती लागतं. मग पेटीची स्वतःची लाट आपणच बनवायची आणि सिंथमध्ये घालायची. आजच्या लेखात तेच बघू. पण त्याआधी एका माणसाची ओळख करून देतो, कारण या लाटेचं महत्त्व त्याच्या आयुष्यातून जितकं कळतं तितकं कुठल्याच मॅन्युअलमधून कळत नाही.

हा माणूस म्हणजे कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे.

मी राहतो जोतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरीत. कोल्हापूर इथून १७-१८ किलोमीटर. गोविंदरावांचं नाव आमच्या भजनी मंडळातल्या जुन्या पेटीवाल्यांच्या तोंडी अजून असतं. आमच्या पिढीला मात्र ते फारसं माहीत नाही. म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

देवल क्लबमध्ये बसून शिकलेला मुलगा

गोविंदरावांचा जन्म ५ जून १८८१ चा. वाढले कोल्हापुरात. तेव्हा गाणं शिकायचं म्हणजे गुरूच्या घरी वर्षानुवर्षं राबायचं, हा रिवाज होता. पेटीच्या बाबतीत तर प्रश्न आणखी अवघड, कारण पेटी हे वाद्यच मुळात परदेशी. १८४२ साली पॅरिसच्या अलेक्झांद्र दबॅं यांनी हार्मोनियमचं पेटंट घेतलं. पुढे कलकत्त्यात तिला हाताच्या भात्याचं, जमिनीवर बसून वाजवायचं रूप मिळालं आणि ती देशभर पसरली. या वाद्याला ना घराणं होतं, ना उस्ताद. जो वाजवेल त्याने आपला रस्ता आपणच काढायचा.

गोविंदरावांनी तो काढला. कोल्हापुरात १८८३ पासून गायन समाज देवल क्लब होता. तिथे मोठे गवई यायचे, गायचे. पोरगा ऐकत बसायचा आणि ऐकलेलं पेटीवर शोधायचा. पेटी ते बऱ्याच अंशी स्वतःच शिकले, पण गाण्याची ओळख देवल क्लबने करून दिली, याचं श्रेय त्यांनी कायम क्लबला दिलं. पुढे भास्करबुवा बखले भेटले. भास्करबुवांना त्यांनी गुरू मानलं.

दुसरा मोठा परिणाम उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांचा. शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापूर दरबारी आणलं होतं. खाँसाहेबांची गायकी म्हणजे पेचदार. सूर एकमेकांत असे गुंफलेले की एक कुठे संपला नि दुसरा कुठे सुरू झाला ते सापडू नये. गोविंदराव त्यांच्याकडे रीतसर शिकले नाहीत, पण त्यांच्या मैफलींत पेटीची साथ केली आणि ती गायकी जवळून टिपली. पुढे खाँसाहेबांचं चरित्रही लिहिलं.

आता इथे जरा थांबा, कारण खरी अडचण इथेच आहे.

पेटीचं दुखणं नेमकं कुठे

गळ्यातून किंवा सारंगीतून सा वरून रे वर जाताना मधली सगळी वाट चालता येते. यालाच मींड म्हणतात. पेटीत ती वाट नाही. एक पट्टी सोडायची, दुसरी दाबायची. जिन्याच्या पायऱ्यांसारखं.

दुसरी अडचण सुरांच्या जागेची. पेटी साधारणपणे एका सप्तकाचे १२ सारखे भाग पाडून लावलेली असते. मोजायच्या भाषेत सप्तक म्हणजे १२०० सेंट, प्रत्येक पट्टी १०० सेंटवर. त्या हिशेबाने शुद्ध गंधार येतो ४०० वर. पण तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेत आपोआप ऐकू येणारा गंधार असतो सुमारे ३८६ वर. १४ सेंटचा फरक. कान तयार असेल तर हा फरक दाताखाली खडा यावा तसा लागतो. हा दोष काढायला सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश क्लेमेंट्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला २२ श्रुतींची खास पेटीसुद्धा करून पाहिली. ती काही घराघरांत पोचली नाही.

म्हणजे अल्लादिया खाँसाहेबांसारख्या गवयामागे बसून पायऱ्यांचं वाद्य वाजवायचं, तेही त्या गाण्याला धक्का न लावता. गोविंदरावांनी हे साधलं ते बोटांच्या हलकेपणातून आणि भात्यावरच्या ताब्यातून. सूर सुटायच्या आत पुढचा दाबायचा, मधल्या सुराला नुसता स्पर्श करायचा, हवा कधी भरायची कधी रोखायची याचा विचार गाण्याच्या श्वासासारखा करायचा. वाट नसली तरी वाट असल्याचा भास निर्माण करायचा. पेटी ही साथीपुरती, अशी समजूत असताना त्यांनी स्वतंत्र पेटीवादन लोकांसमोर आणलं आणि तेही गाण्याच्या अंगाने.

मानापमान, गंधर्व आणि पडदा

१९११ साली किर्लोस्कर नाटक मंडळीने कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'मानापमान' रंगभूमीवर आणलं. भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व. चाली गोविंदरावांच्या, वय तेव्हा तिशीच्या आतलं. त्यांनी नाटकात पूर्वेकडच्या ठुमरी-दादऱ्याचा ढंग आणला आणि ती पदं शंभर वर्षांनंतरही गायली जातात. तुमच्या आजोबांना विचारा, एखादं तरी तोंडपाठ असेल.

१९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे अशा तिघांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. भागीदारी फार काळ टिकली नाही. गोविंदराव बाहेर पडले आणि शिवराज नाटक मंडळी ही स्वतःची कंपनी काढली. चाली करणं, भूमिका करणं, लिहिणं, कंपनी चालवणं, असं सगळं एकाच माणसाने केलं.

मग आला बोलपट. १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली होती. १९३२ साली प्रभातने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली 'अयोध्येचा राजा' काढला. मराठी बोलपटांची सुरुवात याच चित्रपटापासून मानतात. राजा हरिश्चंद्र झाले गोविंदराव, तारामती झाल्या दुर्गा खोटे. संगीतही गोविंदरावांचंच. त्याच सुमाराच्या 'माया मच्छिंद्र'मध्येही ते दिसले. पन्नाशी गाठलेला पेटीवाला मराठीतल्या पहिल्या बोलपटाचा नायक आणि संगीतकार, दोन्ही!

फिल्मच्या कडेला लिहिलेली लाट

आपला टेक्नॉलॉजीचा धागा इथे सापडतो, बरं का.

बोलपटात आवाज कुठे असायचा? फिल्मच्याच कडेला एक बारीक पट्टी असायची. माइकमध्ये आलेल्या आवाजाप्रमाणे प्रकाश कमी-जास्त व्हायचा आणि ती लाट फिल्मवर उमटायची. थिएटरमध्ये त्या पट्टीतून प्रकाश जायचा, पलीकडचा फोटोसेल त्याची पुन्हा वीज करायचा आणि स्पीकर बोलायचा. फिल्म धावायची सेकंदाला सुमारे ४५ सेंटिमीटर. त्या हिशेबाने मधल्या सप्तकातल्या काळी एकच्या सुराची एक लाट जेमतेम दीड-पावणेदोन मिलिमीटर जागेत मावते. म्हणजे गोविंदरावांचा सूर डोळ्यांना दिसेल अशा रूपात तिथे होता.

आणि गंमत बघा. त्याच १९३२ साली जर्मनीत म्युनिकमध्ये रुडॉल्फ फेनिंगर नावाच्या माणसाने उलटा विचार लोकांना दाखवला. आवाज जर चित्र होऊन फिल्मवर बसतो, तर मी चित्रच हाताने काढतो. त्याने कागदावर लाटांचे आकार काढले, फिल्मवर उतरवले आणि कुठलंही वाद्य न वाजवता संगीत ऐकवलं. आज आपण सिंथमध्ये कस्टम वेव्हफॉर्म टाकतो, त्याचे हे पूर्वज.

वेव्हफॉर्म म्हणजे काय, दोन मिनिटांत

सूर म्हणजे हवेच्या दाबाची एकच नक्षी पुन्हा पुन्हा येणं. सेकंदाला किती वेळा येते त्यावरून उंची ठरते. नक्षीचा आकार कसा आहे त्यावरून आवाजाचा पोत ठरतो. बासरीची नक्षी गोलसर. पेटीची टोकदार, कारण पितळी पाती हवेची वाट उघडते-मिटते आणि हवा धक्क्याधक्क्याने बाहेर येते. त्यामुळे मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे वरचे स्वर भरपूर मिसळलेले असतात.

नक्षीचा एकच तुकडा, म्हणजे एक आवर्तन, सिंथला दिलं की तो ते हव्या त्या वेगाने फिरवतो आणि कुठल्याही उंचीचा सूर काढतो. असे बरेच तुकडे ओळीने लावले की झालं वेव्हटेबल. प्रत्येक तुकड्याला फ्रेम म्हणतात.

चला, पेटीची लाट काढू

लागतील या गोष्टी: तुमचा फोन, एक पेटी आणि थोडा वेळ लॅपटॉप (मित्राचा चालेल). सॉफ्टवेअर दोन, ऑडॅसिटी आणि व्हायटल. व्हायटलची मोफत आवृत्ती आपल्याला पुरे.

१. रेकॉर्डिंग. रेकॉर्डर ॲपच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट वेव्ह करा, सॅम्पल रेट ४८००० ठेवा. एमपीथ्री नको, त्यात लाटेचे बारीक तपशील गळतात. नॉइज कमी करायचं फीचर बंद करा, नाहीतर फोन पेटीच्या सुरालाच नॉइज समजून दाबतो. आमच्या डोंगरावर वारा कायम, आणि रविवारी तर हलगी, पिपाणी आणि चांगभलंचा गजर. म्हणून मी रात्री देऊळ बंद झाल्यावर मंडळाच्या खोलीत खिडक्यांना घोंगडी लावून रेकॉर्ड करतो. फोन पेटीपासून हातभर लांब, भात्याच्या हवेच्या झोतात येणार नाही असा ठेवा.

२. कुठला सूर घ्यायचा. खर्जातला घ्या. कारण साधं आहे. ४८००० सॅम्पलला सुराच्या कंपनसंख्येने भागलं की एका आवर्तनात किती सॅम्पल येतात ते कळतं. मधल्या काळी एकला (सुमारे २७७ हर्ट्झ) १७३ येतात, खालच्या काळी एकला (सुमारे १३८.६) ३४६. जितके जास्त सॅम्पल तितके वरचे स्वर जास्त पकडले जातात. पेटी खर्ज-नर असेल तर स्टॉपर लावून एकच सूर बोलेल असं करा. दोन पात्या एकदम वाजल्या की लाट सतत सरकत राहते आणि एक स्वच्छ आवर्तन सापडत नाही.

३. भाता. एक पट्टी दाबून धरा. भाता आधी अगदी हलका, मग हळूहळू जोरात. साधारण दहा सेकंद. जोर वाढला की नुसता आवाज वाढत नाही, लाटेचा आकारही बदलतो. तो बदलच आपल्याला हवाय.

४. ताणणे. व्हायटलची एक फ्रेम २०४८ सॅम्पलची असते. आपलं आवर्तन ३४६ चं. म्हणून ऑडॅसिटीत ट्रॅक मोनो करून वेग बदलायचा इफेक्ट लावा आणि गुणक ठेवा ०.१६९ (३४६ भागिले २०४८). तुमच्या पेटीचा सूर थोडा वर-खाली असेल. ट्यूनर ॲपने त्याची कंपनसंख्या बघा आणि गुणक तसा काढा.

५. कापणे. झूम करा. लाट मधली रेघ खालून वर ओलांडते ती जागा शोधा, तिथून बरोबर २०४८ सॅम्पल निवडा. निवडीची लांबी खालच्या पट्टीत सॅम्पलमध्ये दाखवता येते. हलक्या भागापासून जोराच्या भागापर्यंत असे ८ तुकडे घ्या. आठही तुकडे लाटेच्या त्याच ठिकाणी सुरू झाले पाहिजेत. नाहीतर एका फ्रेममधून दुसरीत जाताना लाटा एकमेकींना खोडतात आणि आवाज मधेच पोकळ होतो. तुकडे एकापुढे एक जोडा. एकूण १६३८४ सॅम्पल. वेव्ह म्हणून एक्सपोर्ट करा.

६. आयात. ही फाइल व्हायटलच्या ऑसिलेटरवर ओढून टाका. ती कशी वाचायची ते व्हायटल विचारेल. त्यात वेव्हटेबल निवडा. वेव्हटेबल एडिटरमध्ये विंडो साइज २०४८ आहे ना ते बघा. आता मॉड व्हील फ्रेमच्या नॉबला जोडा. व्हील म्हणजे तुमचा भाता.

पट्टी दाबा. सूर पेटीचा आहे, पण सुरुवातीची पट्टीची टकटक नाही, भात्याचा श्वास नाही. ते एका आवर्तनात मावत नाही. हवं असेल तर त्याचं वेगळं रेकॉर्डिंग करून व्हायटलच्या सॅम्पल विभागात हळू आवाजात ठेवा.

जुन्या रेकॉर्डमधून किंवा चित्रपटातून लाट कापायचा मोह टाळा. तिथे गळा, तबला आणि पेटी एकत्र असतात, शुद्ध आवर्तन निघत नाही. शिवाय हक्काचा प्रश्न येतो. आपली पेटी, आपलं रेकॉर्डिंग, कुणाला विचारायचं काम नाही.

रेडिओने नाकारलेलं वाद्य

आता गोविंदरावांकडे परत. १९३८ मध्ये ऑल इंडिया रेडिओच्या दिल्ली केंद्रावरचे पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख जॉन फोल्ड्स यांनी हार्मोनियमविरुद्ध लिहिलं. रवींद्रनाथ टागोरांनाही पेटी नकोशीच होती. आक्षेप तेच, मींड नाही आणि सूर जागेवर नाहीत. १९४० च्या मार्चपासून रेडिओवर पेटी बंद झाली. ती परत यायला सुरुवात झाली १९७१ मध्ये.

विचार करा. ज्या माणसाने या वाद्याला मैफलीत मान मिळवून दिला, तो साठीकडे झुकलेला असताना देशातल्या सगळ्यात मोठ्या व्यासपीठाने ते वाद्यच दाराबाहेर ठेवलं. ते दार गोविंदरावांच्या हयातीत उघडलं नाही. या काळात त्यांनी लेखन बरंच केलं. 'माझा संगीत व्यासंग' आणि 'माझा जीवन विहार' ही त्यांची पुस्तकं आजही मराठीत गाण्यावर लिहिलेल्या चांगल्या पुस्तकांत मोजली जातात. ९ ऑक्टोबर १९५५ ला ते गेले.

मग आपली लाट काय सांगते

तुमच्या व्हायटलमध्ये आता जी पेटी आहे, तिच्यात दोन बदल करून बघा. व्हॉइसेस १ करा, लेगाटो चालू करा आणि ग्लाइड थोडा वाढवा. एक पट्टी न सोडता दुसरी दाबा. पेटीचा सूर मींड घेईल! दुसरं, मेनूमधून ट्यूनिंग फाइल भरा. स्काला फाइल म्हणजे साधा मजकूर असतो, प्रत्येक ओळीत एका सुराची जागा सेंटमध्ये. गंधाराच्या ओळीत ४००.० ऐवजी ३८६.०, पंचमाच्या ओळीत ७००.० ऐवजी ७०२.० असं दशांश टिंबासह लिहा (टिंब नसेल तर आकडा सेंट न धरता गुणोत्तर धरला जातो) आणि तंबोरा ॲप लावून ऐका. गंधार कसा बसतो ते कानच सांगतील.

म्हणजे रेडिओवाल्यांचा राग होता तो पट्ट्यांवर आणि सूर लावायच्या पद्धतीवर. पितळी पातीच्या आवाजात दोष नव्हता. तेव्हा या गोष्टी वेगळ्या करता येत नव्हत्या, एकाच लाकडी खोक्यात बंद होत्या. आज करता येतात, तेही फुकट.

पण मी आमच्या मंडळात ही मींडवाली पेटी ऐकवली तेव्हा एक काका म्हणाले ते पटलं. सरकता सूर छान आहे, पण सगळीकडेच सरकतो. कुठे सरकायचं नि कुठे नाही, हे बोट ठरवत नाही, नॉब ठरवतो. गोविंदरावांकडे नॉब नव्हता. त्यांनी पायऱ्यांच्या वाद्यातून वाट दाखवली, कारण ती वाट आधी त्यांच्या कानात पक्की होती, देवल क्लबमध्ये आणि खाँसाहेबांच्या मागे बसून ऐकलेली.

म्हणून माझा सल्ला असा. ग्लाइड एका ठिकाणी ठेवून देऊ नका. तो एका व्हीलला किंवा पेडलला जोडा आणि गाणं ऐकून, जिथे गळा सरकतो तिथेच वापरा. सुरुवात भूप रागाने करा, सूर पाचच आहेत. रोज पंधरा मिनिटं. आणि आठवड्यातून एकदा ग्लाइड पूर्ण बंद करून तीच ओळ वाजवा. तशीही ती गाण्यासारखी वाटायला लागली, तर समजा हात तयार होतोय.